मागून हाक मारणारा माणूस

आमच्या शीतलछाया सोसायटीत घरातून बाहेर पडणं हे एक दिव्यच होतं, आणि त्याचं कारण दुसऱ्या मजल्यावर राहत होतं. तुम्ही जिना उतरून फाटकाबाहेर पाऊल टाकलंत की वरच्या गॅलरीतून हाक आलीच म्हणून समजा. "ओ शहाभाय, चश्मा लिया क्या?" "सुचेतावहिनी, पदर चाकात जाईल, सांभाळा!" "टीचर, पर्सची चेन उघडी आहे!"

टीचर म्हणजे मी, नीलिमा. भाईंदर पूर्वेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हाक आलीच तर परत घरात यावं, जरा टेकावं, घोटभर पाणी प्यावं आणि मग निघावं. वर्गात मी असल्या गोष्टींची यथेच्छ टर उडवते. पण शाळेच्या तपासणीच्या दिवशी, ऐन घाईत, दुसऱ्या मजल्यावरच्या या हरिश्चंद्र मेस्त्रींची हाक आली तेव्हा माझ्यातलं विज्ञान कुठे गेलं कोण जाणे. मी मुकाट्याने दोन जिने चढले, पाणी प्यायले आणि शाळेत उशिरा पोचून सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली.

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरचे सांगतील. संध्याकाळी मी तडक त्यांच्या दारात उभी राहिले.

"मेस्त्री, तुम्हाला आईवडिलांनी काही शिकवलं नाही का? निघालेल्या माणसाला मागून हाक मारतात?"

हातात पाना घेऊन ते कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. वर न बघता म्हणाले, "शिकवलं होतं, टीचर. चांगलं मारून-मारून शिकवलं होतं." आणि पुन्हा मिक्सरमध्ये डोकं घातलं. असल्या माणसाशी भांडण तरी कसं करणार! मी पाय आपटत घरी आले.

त्यांना वाईट माणूस मात्र कुणी म्हणू शकत नव्हतं. केबिन रोडवरच्या एका दुकानात ते फ्रिज आणि एसी दुरुस्त करायचे. तेव्हा भाईंदरला पाण्याची बोंब होती. टँकर आला की सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन धावायची, आणि गच्चीवर पाणी चढवायची मोटर बंद पडली की मेस्त्रींना बोलवायचं. खालची टाकी रिकामी होत आली की मोटर पाण्याऐवजी हवा ओढायला लागते, घरघर असा आवाज येतो. मेस्त्री कुठेही असोत, तो आवाज ऐकला की तोंडातला घास टाकून धावायचे आणि खटका बंद करायचे. मग बराच वेळ तिथेच भिंतीला टेकून उभे राहायचे. एकदा मी पाहिलं, तर त्यांचा सदरा घामाने चिंब झाला होता. मोटर जळेल म्हणून जीव खालीवर झाला असेल, असं मला वाटलं.

दुसरी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्यांच्या समोरच्या ब्लॉकमध्ये मनोरमाकाकू राहायच्या. काकूंचं कुटुंब गिरगावातून इकडे आलेलं, यजमान लवकर गेले. मुलगा पराग इंजिनीअर होऊन मस्कतला गेला, आणि १९८९ साली तिथल्या समुद्रात बुडून वारला. ते प्रेत घेऊन जो माणूस मुंबईला आला, तो हरिश्चंद्र मेस्त्री. पराग ज्या कंपनीत होता, तिथेच ते मेकॅनिक होते. ते पुन्हा मस्कतला गेलेच नाहीत. काकूंनी त्यांना समोरची रिकामी जागा घ्यायला लावली. "परागला शेवटचं पाहिलेला माणूस आहे, नजरेसमोर असू दे," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. रोज दुपारी ते जेवायला घरी आले की काकू त्यांना चहाला बोलवायच्या आणि ते मान खाली घालून जायचे.

मला यात मायेपलीकडे काही दिसलं नाही. दिसलं ते तारोडीला.

शाळेची सहल तारोडीच्या किनाऱ्यावर न्यायची होती. मेस्त्रींची मुलगी स्वप्नाली माझ्याच वर्गात, म्हणून मदतीला पालक म्हणून मी त्यांना धरून नेलं. ते येताना कां-कू करत होते. किनाऱ्यावर पोचल्यावर पाण्याकडे पाठ करून बसले, ते उठेचनात. समुद्राला ओहोटी होती, पाणी गुडघाभरही नव्हतं. मी पोरांना रांगेत पाण्याकडे सोडलं. सगळ्यांच्या पाठीवर दप्तरं होती, कारण वाळूत ठेवली तर कुत्री डबे पळवतील.

त्या पाठमोऱ्या पोरांकडे मेस्त्रींची नजर गेली मात्र, ते ताडकन उठले आणि ओरडायला लागले. "ए! थांब! वळ! इकडे वळ! स्वप्नाली, वळ!" आवाज असा, की माझ्याच अंगावर काटा आला. पोरं घाबरून परत आली. मासळी वाळवणारी एक बाई काम टाकून आली. "काय झालं गो? कोन बुडालं काय?" तिने विचारलं. "न्हाय बाय, कुणी न्हाय," मी तिच्याच बोलीत कशीबशी म्हणाले. मेस्त्री एकेका पोराला वळवून त्याच्या दप्तराची चेन बघत होते. सोबतच्या शिक्षिकेकडे पोरं सोपवून मी त्यांना होडीच्या सावलीत नेलं आणि सरळ विचारलं, "मेस्त्री, परागचं नक्की काय झालं?"

आजवर त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं.

मस्कतला शुक्रवारी सुट्टी. तिथे काही गोऱ्या लोकांनी समुद्रात बुडी मारायचा क्लब काढला होता. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची आणि पाण्याखाली मासे बघत फिरायचं. मेस्त्रींना कॉम्प्रेसर चालवता यायचा, म्हणून शुक्रवारी टाक्यांत हवा भरायला आणि लाँचवर मदतीला क्लब त्यांना बोलवायचा. परागने तिथे शिकून परीक्षा दिली होती. सगळ्या लाँचवर मराठी बोलणारे हे दोघेच. त्यातून दोघंही भाईंदरचे निघाल्यावर काय, पोरगा त्यांना चिकटलाच. "हरिभाऊ, मिठागरावर फिरणारा माणूस मी, एवढं निळं पाणी बघून वेड लागायची पाळी आली हो," म्हणायचा.

त्या शुक्रवारी क्लबने लांबची सहल काढली होती. सरकारने कासवांसाठी राखून ठेवलेला किनारा होता तो. परवाना दाखवल्याशिवाय लाँच आत सोडत नसत. सगळं वाळवंट. झाड नाही, घर नाही, उघडेबोडके तपकिरी डोंगर थेट पाण्यात उतरलेले. रखवालदाराची एक झोपडी आणि मैलोगणती कुणी नाही. वाळूवर पाय ठेवायचा नाही, कचरा टाकायचा नाही, आरडाओरडा करायचा नाही. वाळूत कासविणींच्या फरपटत गेल्याच्या खुणा मात्र लाँचवरूनही दिसत होत्या.

"ती जागा मला पहिल्यापासून आवडली नव्हती," मेस्त्री म्हणाले. "इतकी चूप, की आपल्याच कानात आपलं रक्त वाजतंय. आणि पाणी असं, की खालची प्रत्येक वस्तू दिसतेय. एवढं स्वच्छ पाणी बघून भीती वाटते, टीचर. काही लपतच नाही त्यात."

सकाळी धक्क्यावरून निघताना एक गंमत झाली होती. पराग सामान घेऊन लाँचकडे निघाला, आणि त्याचा टॉवेल राहिला म्हणून मेस्त्रींनी मागून हाक मारली. पराग वळला, परत आला, चक्क धक्क्यावर बसला आणि बाटलीतून पाणी प्यायला. गोरे हसायला लागले. "आईची शिस्त आहे," पराग म्हणाला. "आणि हरिभाऊ, आता परत मारू नका हां हाक. एका दिवसात दोनदा म्हणजे आमच्या आईच्या मते कारभारच आटोपला." मेस्त्रींनी कानाला हात लावला. त्यांच्या आईनेही त्यांना हेच शिकवलं होतं. मासेमारीला निघालेल्या चुलत्याला मागून हाक मारली, म्हणून लहानपणी फोकाने मार खाल्ला होता.

बुडी मारायच्या आधी एकमेकांची पाठ तपासायची असते. टाकी पाठीवर, तिचा नळ मानेच्या मागे, तो आपला आपल्याला दिसत नाही. मागच्या माणसानेच बघायचं. मेस्त्रींनी परागचा नळ स्वतः उघडून दिला, खांद्यावर थाप मारली आणि ते पुढच्या माणसाकडे वळले. पण परागला थोडं थांबावं लागलं. पुढचं मेस्त्रींनी नंतर ताडलं, की हवा वाया नको म्हणून त्याने हात मागे नेऊन नळ बंद केला. पाळी आली तेव्हा परत चाचपडत उघडला, आणि पुरता उघडलाच नाही, जेमतेम जरासा उघडला. असं केलं की वर श्वास व्यवस्थित येतो. खोल गेल्यावर मात्र हवा पुरत नाही.

"तो लाँचच्या कडेला उभा होता, पाठमोरा," मेस्त्री म्हणाले. "हवा दाखवणारं घड्याळ कमरेशी लोंबत होतं, माझ्याकडे तोंड करून. त्याने श्वास घेतला, काटा खाली पडला. सोडला, काटा वर आला. पुन्हा घेतला, पुन्हा पडला. मेकॅनिकला याहून जास्त काय सांगायला पाहिजे? नळ उघडा नाहीये. मी तोंड उघडलं, टीचर. परागच्या 'प'पर्यंत आलो होतो. आणि आलं मनात, सकाळी एकदा झाली आहे. पाण्यावर निघालेला माणूस आहे. माझ्या तोंडून अपशकुन नको. खाली पाण्यात क्लबचा गोरा साहेब आहेच, तो बघेल. तेवढ्यात त्याने पाऊल टाकलं."

"तिथे ओरडायला बंदी होती ना," मी म्हणाले. मला त्यांच्यासाठी काहीतरी सुटका हवी होती.

"छे हो. इंजिन धडधडत होतं. माझ्या एका हाकेने कासवांचं काय बिघडणार होतं?"

"वेळ कमी पडला असेल."

"वेळ होता. नव्हता म्हटलं तर ते खोटं होईल."

खाली गेल्यावर परागचा श्वास कोंडला. घाबरून तो एकदम वर आला, आणि तसं श्वास धरून वर येण्यानेच आतली हवा फुगून छाती फुटली. लाँचवर घेतला तेव्हा जीव गेलेला होता. गडबडीत कुणीतरी सवयीने टाकीचा नळ बंद करून टाकला. नवखा होता, घाबरला, असंच सगळे धरून चालले. काटा पाहणारा माणूस एकच होता, आणि तो गप्प राहिला.

"काकूंच्या घरात त्याचा फोटो आहे ना," मेस्त्री म्हणाले, "त्याच्यासमोर बसून मी रोज चहा पितो. सगळ्यांना वाटतं, मला किती त्रास होत असेल. मला काहीच होत नाही. मला तो समोरून आठवतच नाही. रस्त्यात कुणीही पाठमोरा चालत असला की तो पराग असतो. पाठीवर काहीतरी उघडं राहिलेलं असतं, आणि ते मलाच दिसतं. मग मी हाक मारतो."

मला त्यांची अपार दया आली आणि तितकाच संतापही आला. "काकूंना सांगून टाका," मी म्हणाले. "त्यांचा हक्क आहे."

"ऐकून ती बाई मरेल, टीचर."

"आणि तुम्ही जगताय का?"

ते उठून पोरांकडे गेले. त्या दिवसापासून मी त्यांचा पिच्छा पुरवला. जिन्यात भेटले की माझा एकच प्रश्न, सांगितलं का? दिवाळी होऊ दे म्हणाले. दिवाळी झाली. काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे म्हणाले, तेही झालं. मग म्हणाले, रुचिताचं लग्न होऊ दे. रुचिता ही परागची धाकटी बहीण. असली टाळाटाळ मी वर्गात सहन करत नाही, पण यांना काय छड्या मारणार? शिवाय काकूंकडे पाहिलं की माझीही जीभ अडखळायची. मेस्त्रींची एकेक हाक गॅलरीतून आली की काकूंचा चेहरा कुणी चिमटा काढल्यासारखा व्हायचा. कितीदा तरी त्या म्हणायच्या, "हरिभाऊ, एवढी एक खोड सोडा हो. माझ्यासाठी सोडा." ते हो म्हणायचे आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा ओरडायचे.

१९९८ च्या हिवाळ्यात रुचिताचं लग्न झालं. नवरा बहारीनला नोकरीला. ती जायला निघाली त्या दुपारी सगळी बिल्डिंग खाली टॅक्सीभोवती जमली होती. पुन्हा आखात, पुन्हा समुद्रापलीकडे. काकू तोंडाने हसत होत्या, पण पदराचं टोक पिळून-पिळून त्यांनी त्याची दोरी केली होती. मेस्त्री खाली आले नव्हते. मीच त्यांना बजावलं होतं, की आज तोंडाला कुलूप.

रुचिता पाया पडली आणि टॅक्सीकडे वळली. पाठीवर सॅक होती. आणि वरून हाक आली.

"रुचिता! सॅक उघडी आहे! पासपोर्ट पडतोय!"

खरंच पासपोर्ट अर्धा बाहेर आला होता. पण ते बघायला कुणाला भान होतं?  काकूंनी रुचिताला दंडाला धरून ओढतच जिन्याशी नेलं, पायरीवर बसवलं, शेजाऱ्यांच्या घरून तांब्या मागवला आणि पुरता रिकामा होईपर्यंत तिला पाणी पाजलं. "अगं आई, विमान सुटेल," असं ती रडत म्हणत होती. टॅक्सी वळणाआड गेली तशा काकू जिन्याकडे धावल्या. आता काहीतरी भयंकर होणार, म्हणून मी मागोमाग गेले.

मेस्त्रींचं दार उघडंच होतं.

"एक गेला, तेवढ्याने पोट भरलं नाही का तुमचं?" काकूंना धाप लागली होती. "किती वेळा सांगितलं, माझ्या माणसांना मागून हाक मारू नका! काय वाकडं केलंय मी तुमचं?"

मेस्त्री गुडघ्यांवर बसले. तिथेच, दारात. त्यांची बायको सुगंधा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

"काकू, परागला मी हाक मारली नव्हती," ते म्हणाले. आणि मग थांबले नाहीत. काटा, नळ, सकाळचं पाणी, उघडलेलं तोंड, सगळं सांगितलं. स्वतःला वाचवणारा एक शब्द त्यात नव्हता.

काकू ऐकत होत्या. त्या किंचाळतील, कोसळतील असं मला वाटत होतं. तसं काही झालं नाही. त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "वळला असता का तो?"

"वळला असता. सकाळी वळला होता."

"आणि नळ उघडून दिला असता तर?"

"वाचला असता."

काकू भिंतीला टेकत-टेकत खाली बसल्या. "तो मस्कतला निघाला ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा जिना उतरत होता. त्याचा मफलर राहिला. मी हाक मारली. मी, आईने. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं बस, पाणी पी. तो म्हणाला, आई, उशीर होतोय, आणि गेला. परत आला तो पेटीतून." त्यांनी मेस्त्रींकडे पाहिलं. "मला वाटत होतं, मीच मारलं त्याला. तुम्ही गॅलरीतून ओरडलात ना, की दर वेळी मला माझाच आवाज ऐकू यायचा."

मेस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. हे ओझं आपण एकटेच वाहतोय, असं इतकी वर्षं समजत होते बिचारे.

"म्हणजे माझ्या हाकेने नाही गेला?" काकूंनी विचारलं. एखादं लहान मूल विचारतं, तसं.

"नाही, काकू. हाक न मारल्याने गेला."

काकू रडल्या. परागच्या दिवसांतही त्या अशा रडल्या नव्हत्या, असं जुने शेजारी नंतर म्हणाले. मीही रडले, सुगंधाही रडली. मग काकूंनी डोळे पुसले, उभ्या राहिल्या, आणि त्यांचा आवाज बदलला.

"आणि हे तू मला आज सांगतोस? रोज माझ्या हातचा चहा प्यायलास. मी रोज रात्री तळमळत होते, आणि तू समोरच्या दारात निजत होतास. एका शब्दाचं काम होतं रे. तेव्हाही, आणि नंतरही."

मेस्त्रींनी मान वर केली नाही. क्षमा मागितली नाही, आणि काकूंनीही ती देऊ केली नाही. "उद्यापासून चहाला येऊ नकोस," असं म्हणून त्या वळल्या आणि पॅसेजमधून आपल्या दाराकडे निघाल्या.

दाराशी पोचल्यावर त्या थांबल्या. आमच्याकडे पाठच होती.

"शेवटचा कसा दिसत होता तो?" त्यांनी विचारलं. "तू पाहिलंस तेवढं सांग."

मेस्त्री सांगू लागले. उजवा खांदा जरा खाली होता, म्हणाले. मानेवर केस वाढले होते, ओले होऊन चिकटले होते. कानामागे ऊन लागून कातडी सोलली होती. पाऊल टाकायच्या आधी त्याने एकदा टाचा उचलल्या, शाळेच्या रांगेत पोरं उचलतात तशा. काकू दाराच्या कडीवर हात ठेवून, पाठ फिरवून, सगळं ऐकत उभ्या होत्या, आणि मेस्त्री थांबले की म्हणत होत्या, "अजून सांग."